ओट्स मार्गी लागतात

आमच्या घरात ओट्स आले ते रक्ताच्या रिपोर्टामागोमाग. एलडीएलसमोरचा आकडा लॅबवाल्यांनी ठळक छापला होता आणि शेजारी वर जाणारा बाण काढला होता. माझं काहीतरी वर गेल्याचं आयुष्यात प्रथमच कुणी लेखी दिलं, ते हे. डॉक्टर म्हणाले, "सकाळी ओट्स खात जा."

"कशाबरोबर?"

"म्हणजे?"

त्या 'म्हणजे?'वरूनच मी ताडलं, की या गृहस्थांनी स्वतः ओट्सला कधी तोंड लावलेलं नाही.

दुकानात एक किलोच्या पाकिटावर एक किलोचं पाकीट फुकट होतं. फुकट का, हा प्रश्न दुकानात सुचत नसतो. तो घरी वाडगं पुढ्यात आल्यावर सुचतो. आईने पातेल्यात डोकावून विचारलं, "खळ कशाला केलीस रे? पतंग चिकटवायचेत?" बायकोने ओट्सचा उपमा केला. तो खाताना सगळे रव्याविषयी बोलत होते. मग धिरड्यात ओट्स, थालीपिठात ओट्स, आणि अखेर पाहुण्यांना न सांगता खिरीत ओट्स. पाहुणे परत आले नाहीत, पण पाकीट काही कमी झालं नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू म्हणाल्या, "वाया कशाला घालवता? दह्यात कालवून चेहऱ्याला लावा." म्हणजे कोलेस्टेरॉल निदान चेहऱ्याचं तरी उतरेल, असा त्यांचा हिशेब असावा.

डॉ. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी शब्दकोशात ओट्सची व्याख्या करताना लिहून ठेवलंय, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. आमच्या घरी घोडा नाही, आणि ठाण्यात आमच्या ओळखीचं स्कॉटिश कुणी नाही. खरी अडचण ती होती.

"आता हे ओट्स एकदाचे मार्गी लागायला हवेत," असं घरात रोज कुणी ना कुणी म्हणू लागलं. आमच्याकडे हे वाक्य त्याआधी फक्त माझ्या धाकट्या भावाविषयी बोललं जायचं.

अशा वेळी लेक म्हणाली, "बाबा, आपण कुकीज करू या. कॉफी, ओट्स आणि चॉकलेट. एकदम हेल्दी."

इथे थोडं आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमच्याकडे आवडतं म्हणून कुणी काही खात नाही, त्याला कारण लागतं. गोड खायला सण लागतो, तळलेलं खायला पाऊस लागतो, आणि दोन्ही नसतील तर पाहुणा लागतो. लेकीने एका वाक्यात बाराही महिने टिकणारं कारण आणून दिलं. ओट्स हृदयाला चांगले. चॉकलेट डार्क, म्हणजे औषधच. कॉफीने डोकं तल्लख राहतं.

"आणि लोणी?" बायकोने विचारलं.

"लोणी बाइंडिंगला."

बाइंडिंगला म्हटल्यावर कुणाला काय बोलता येणार? ही युक्ती आम्हीच शोधली असंही नाही. अमेरिकेत ओट्स विकणाऱ्या बड्या कंपनीने शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच आपल्या डब्यावर ओट्सच्या कुकीची कृती छापायला सुरुवात केली होती. आपला माल नुसता कुणी खाणार नाही, हे विकणाऱ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार!

लेकीने काढलेली कृती अमेरिकेतलीच होती. पहिली ओळ, 'बटर एक स्टिक'. तिकडे लोणी कांडीने मिळतं आणि एक कांडी ११३ ग्रॅमची असते. आमच्याकडचं पाकीट १०० ग्रॅमचं. वरच्या १३ ग्रॅमसाठी दुसरं पाकीट फोडावं लागलं. फोडलेलं पाकीट फ्रिजला वास लावतं (किंवा फ्रिज त्याला लावतो, यावर घरात दोन मतं आहेत), म्हणून उरलेलं आम्ही तिथल्या तिथे गरम पावाबरोबर संपवलं. हे लोणी पुढच्या हिशेबात धरलेलं नाही.

दुसरी ओळ, 'ओट्स दीड कप'. अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा. आमच्या घरात आमटीची वाटी आहे, वरणाची आहे, नैवेद्याची आहे, आणि चहाच्या कपांत एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. लेक वजनकाटा शोधायला लागली, तशी आई म्हणाली, "काटे कसले शोधतेस? मुठीने घे."

"आजी, कुणाच्या मुठीने?"

"करणाऱ्याच्या."

तिसरी ओळ तापमानाची. ३५० अंश, हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. "साडेतीनशे? अगं, माणूस जळतो तेवढ्यात!" ते फॅरनहाइट असल्याचं आणि आपल्याकडे ते १७७ होतात हे लेकीने समजावलं. भाव अर्ध्यावर आणल्याच्या समाधानात आई गप्प झाली. पण आमच्या ओव्हनच्या बटणावर १५० आहे आणि २०० आहे; मधला आकडा बोटांनी घासून गेलाय. तेव्हा दीडशेच्या पुढे आणि दोनशेच्या अलीकडे, जिथे पूर्वी काहीतरी लिहिलेलं होतं, तिथे काटा आणायचा असं ठरलं.

ओव्हनची गोष्ट वेगळीच. तो एका दिवाळीत आला आणि फ्रिजवर बसला. दार आहे, आत जाळी आहे, मुंग्या शिरत नाहीत. आई त्यात पापड ठेवायला लागली. आता त्याला ओव्हन म्हणून वापरायचं म्हटल्यावर कळलं, की त्याच्या जाड पिनांचा प्लग स्वयंपाकघरातल्या एकाही सॉकेटात जात नाही. सोळा अँपिअरचे सॉकेट घरात दोनच. एक बाथरूममध्ये गीझरचा आणि दुसरा बेडरूममध्ये एसीचा. बाथरूममध्ये कुकीज भाजायला आईने सोवळ्याच्या मुद्द्यावर नकार दिला. राहिला एसीचा. तो सॉकेट छताखाली दोन फुटांवर, आणि ओव्हनची वायर हातभर. म्हणून ओव्हन बेडरूममधल्या लोखंडी कपाटावर चढवला, खाली स्टूल ठेवलं आणि स्टुलावर मला ठेवलं. ओव्हन चालू तर एसी बंद. महिना मे. गाव ठाणे.

"आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं," आई खालून म्हणाली. तिचं माहेर सातारचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यांत भरून घरातली पोरंबाळं बेकरीत जायची. मळून, वळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून नानकटाई भट्टीत जायची. ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि भट्टीवाल्याला ट्रेमागे पैसे. रांगेत बसून आपल्या ट्रेवर डोळा ठेवायचा, कारण एकदा का आपली नानकटाई शेजारणीच्या डब्यात गेली की दोन घरांचं बोलणं बंद. "तेव्हा भट्टी गावाची होती," आई म्हणाली, "आता प्रत्येकाच्या घरात भट्टी आहे, पण ती पापडांना."

पापड म्हटल्यावर सगळे एकदम वर बघायला लागले. ओव्हन तापत ठेवून दहा मिनिटं झाली होती. दार उघडलं तर उडदाचे पापड छान खरपूस भाजून निघाले होते आणि प्लॅस्टिकचा डबा जाळीवर बसला होता. म्हणजे अक्षरशः बसलाच होता. आईने त्याही परिस्थितीत एक पापड उचलून मोडून बघितला आणि म्हणाली, "मस्त भाजलाय."

जाळी खरवडेपर्यंत खाली अंड्याचा प्रश्न उभा राहिला. कृतीत एक अंडं होतं आणि वार शनिवार. आमच्याकडे अंड्याच्या विरोधात कुणी नाही. फक्त सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी आणि श्रावण अंड्याच्या विरोधात आहेत. पण हल्ली बिनअंड्याच्या बेकिंगचं ज्ञान घरोघरी पोचलंय. चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली, की पाच-दहा मिनिटांत ती बुळबुळीत होऊन अंड्याचं काम करते. लेकीने वाटी पुढे धरली. आईने ती चमच्याने ढवळली, तार धरून पाहिली, वास घेतला.

"सत्तर वर्षं जवसाची चटणी खाल्ली," ती म्हणाली, "जवसाचं अंडं आज बघितलं."

मग कॉफी. आमचं घर चहाचं. कॉफी असते ती पाहुण्यांसाठी, त्यातही चहा सोडलेल्या पाहुण्यांसाठी, त्यामुळे बाटली उघडल्यापासून दमट हवा पिऊन पिऊन आतल्या कॉफीचा गोळा झालेला. सुरीने खरवडताना बाटलीवरची बारीक अक्षरं प्रथमच वाचली गेली. कॉफी ७० टक्के, चिकोरी ३० टक्के. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. इतकी वर्षं पाहुणे 'वहिनींच्या हातची कॉफी' म्हणून वाखाणत होते, त्यातलं बरंचसं ते मूळ होतं. बायकोने बाटली माझ्या हातून काढून घेतली आणि लेबल आतल्या बाजूला वळवून ठेवली.

तेवढ्यात काकू आल्या. "कॉफी हवी होती ना? घ्या. माटुंग्याहून कालच दळून आणलीय." ही फिल्टर कॉफी, ती विरघळत नाही, गाळून घ्यायची असते, हे लेक सांगेपर्यंत आईने तिचे दोन ढीगभर चमचे पिठात ढकलले होते. वर खरवडलेली बाटलीतली कॉफीही गेली. तीही कोमट पाण्यात कालवून घालायची असं कृतीत होतं, पण तोवर कृतीकडे कुणी बघत नव्हतं.

"आणि जायफळ?" आईने विचारलं.

"आजी, कुकीत जायफळ कुठून आलं?"

"कुकीत कशाला? कॉफीत. कॉफी आहे ना यात?"

याला उत्तर नव्हतं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांत कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, भरपूर साखर आणि त्यावर किसलेलं जायफळ. चवीपुरती कॉफीची पूड. आईने छोट्या किसणीवर अर्धं जायफळ उतरवलं. "झोपही छान लागते याने," ती म्हणाली. कॉफी जागं ठेवायला आणि जायफळ झोपवायला, असे दोन विरुद्ध पक्ष एका परातीत मळले गेले.

चॉकलेटच्या बाबतीत मात्र मी जरा वाचून ठेवलं होतं. कुकीत चॉकलेटचे तुकडे घालायची पद्धत १९३०च्या दशकात रूथ वेकफिल्ड नावाच्या बाईंनी रूढ केली. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी त्या आणि त्यांचा नवरा टोल हाउस इन नावाची खाणावळ चालवत. चॉकलेट वितळून सगळ्या पिठात मिसळेल असं त्यांना वाटलं, ते वितळलं नाही, आणि योगायोगाने ही कुकी झाली, अशी एक गोष्ट सांगतात. मला ती पटत नाही. बाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या आणि पाककृतींचं पुस्तक लिहून बसल्या होत्या. चॉकलेट कधी वितळतं हे त्यांना कळत नसेल? बाईने डोकं लावून काही केलं, की जग त्याला योगायोग म्हणतं आणि पुरुषाने योगायोगाने काही केलं, की त्याला शोध म्हणतं. हे मी स्टुलावरून बोललो. खालून तिन्ही पिढ्यांतल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग चॉकलेटकडे बघितलं, कारण ते फ्रिजमधून काढल्यामुळे सुरीने कापलं जात नव्हतं.

आई उठली आणि अडकित्ता घेऊन आली. सुपारी सोडून दहा वर्षं झाली, पण हात विसरला नव्हता. कट्, कट्, कट्. दीडशे ग्रॅम चॉकलेटची तिने बघता बघता खांडं केली आणि सवयीने शेवटचं खांड गालात सरकवलं.

पहिला घाणा ओव्हनमध्ये गेला. बारा गोळे, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. मे महिन्याच्या ठाण्यात लोणी ओव्हनची वाट बघत नाही. गोळे स्टुलापर्यंत पोचेतोवरच बसू लागले होते. आत गेल्यावर ते एकमेकांकडे सरकले, भेटले आणि एक झाले. बारा मिनिटांनी मी ट्रेच्या मापाची एकच कुकी खाली दिली.

"कडा सोनेरी झाल्यात, काढायची आता," लेक म्हणाली.

आईने मध्यभागी बोट दाबलं. "कच्ची आहे."

"आजी, गरम असताना मऊच असते. गार झाली की कडक होते."

"कच्ची ती कच्ची. पोटात दुखेल."

बायकोनेही बोट दाबलं. काकूंनीही दाबलं. मी स्टुलावरून उतरून दाबलं. बहुमताने ती पुन्हा आत गेली. पण लेक बरोबर होती. गरम असताना वितळलेली साखर आणि लोणी मऊ असतात, आणि थंड होताना घट्ट बसतात. दुसऱ्यांदा भाजून निघालेली कुकी गार झाली, तेव्हा तिच्यावर आमची चार बोटं कायमची उमटलेली होती. सुरी तिच्यावरून घसरली. लेकीने ती ओट्यावर आपटली तर ओटा वाजला.

दुसरा घाणा मात्र लेकीने कुणाला हात लावू दिला नाही. पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं (कैरीचं पन्हं आणि सोललेला लसूण यांच्यामध्ये), गोळे लांब लांब मांडले, बाराव्या मिनिटाला मला ट्रे काढायला लावला आणि कुणाचंही बोट पोचायच्या आत वर जाळीचं झाकण ठेवलं. त्या कुकीज झाल्या. कडा कुरकुरीत, आत मऊ, मधे चॉकलेटचं ओलसर खांड, आणि मागून हळूच येणारं जायफळ. दाताखाली जे कचकचत होतं ते माटुंग्याचं होतं, पण काकू समोर बसलेल्या असल्यामुळे त्याला आम्ही ओट्स म्हणालो.

"ओट्सच्या ना?" काकूंनी खात्री करून घेतली. "मग एक घेते." दोन खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना शुगर आहे, त्यांना बाहेरचं गोड चालत नाही. पण ओट्सच्या म्हणजे चालतील," आणि तीन पदराखाली घेऊन गेल्या. बायकोने गोड सोडलंय. ती अख्खी कुकी खात नाही. फक्त तुटलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून खाते. तिने चौथी अख्खी कुकी हातात घेऊन निरखली, ती तिच्या हातून तुटली आणि मग नाइलाज झाला.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सवाल्यांना पाकिटावर हृदयाचं नाव घ्यायला परवानगी दिली. त्यामागचा हिशेब असा, की ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला, आणि बाकीचं खाणंही जपून असलं, तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. त्यासाठी साधारण ६० ग्रॅम ओट्स लागतात. आमच्या २४ गोळ्यांत मिळून सुमारे १३५ ग्रॅम ओट्स होते. म्हणजे रोज दहा-अकरा कुकीज. त्यांच्यातून जाणारं लोणी, ५० ग्रॅमच्या आसपास.

"आणि उरलेले सगळे ओट्स असेच मार्गी लावायचे तर?" बायकोने विचारलं.

पावणेदोन किलो उरले होते. तेरा वेळा सगळं साग्रसंगीत केलं की संपतील. लोणी दीड किलो, साखर दोन किलो, चॉकलेट दोन किलो.

"तुमच्या रिपोर्टातला बाण पानाबाहेर जाईल," ती म्हणाली आणि एक तुकडा वाया जाण्यापासून वाचवला.

रात्री साडेअकराला दिवे बंद झाले. बाराला मी छताकडे बघत होतो. साडेबाराला लक्षात आलं, की बायकोही छताकडे बघतेय. एक वाजता लेकीच्या खोलीतून तिच्या भूगोलाच्या धड्याचा मोठ्याने आवाज यायला लागला. परीक्षा संपून महिना झाला होता. डोळे टक्क उघडे आणि अंग मात्र जड. उठवेना आणि झोपवेना. पिठात मळलेले दोन्ही पक्ष आता आत समोरासमोर आले होते.

दीडला स्वयंपाकघरात दिवा लागला. गेलो तर आई पाटावर बसली होती. पुढ्यात पहिल्या घाण्याची ती चार बोटांवाली कुकी, हातात अडकित्ता. सुपारीसारखी तिची खांडं करून ती बशीत लावत होती. आमच्या मागोमाग लेकही आली. कुणीच काही न बोलता खांडं उचलायला लागलो. तोंडात धरून ठेवलं, की ती हळूहळू विरघळत होती. पाच मिनिटं कुणाला बोलता येत नव्हतं.

"तू अर्धंच घे," आई मला म्हणाली, "कोलेस्टेरॉल आहे ना तुला?"

"अगं, ओट्सच्या आहेत."

"मग घे." तिने आणखी एक खांड माझ्या हातावर ठेवलं आणि बेडरूममधल्या कपाटाच्या दिशेने बघत म्हणाली, "जायफळ कमी पडलं. आता करताना अख्खं घालू."